हाताला गुण

फतेहगंजच्या चर्चमागे, चिंचेखालच्या खोलीत
फादर मॅकवान ओळ वाचतात, मी बोटांवर मोजते:
गुरू, लघू, लघू. गुरू, लघू, लघू.
सहा गण भरले की ओळ संपते
आणि तेवढ्यात ती बाई
एका आंधळ्याला डोळे देऊन मोकळी.

तेराशे वर्षांमागं कुणा बिननावाच्या भिक्षूनं
तिचं चरित्र पद्यात लावलं.
थंड नदी, नदीकाठी मठ, मठात ती,
दळण, शेळ्या, खरजेनं भरलेली माणसं.
तिला तो अकरा वेळा 'आल्मा' म्हणतो.
आल्मा म्हणजे पोसणारी, मायेची.
मी लिहिलं, माउली.
मग खोडलं. माउली म्हटलं की
आपल्याकडे थेट आळंदी लागते.

फादर म्हणाले, एवढं जिवाला लावून घेऊ नका,
ते विशेषण भक्तीचं नाही, वृत्ताचं आहे.
दोन अक्षरांची फट उरली होती,
तिथं आल्मा बसली.
मला शाळेतल्या संस्कृतचे च, वै, तु, हि आठवले,
हसू आलं.
घरी येताना मात्र जरा वाईट वाटलं.

पण खरी अडले ती 'विर्तूस'पाशी.
'विर्' म्हणजे पुरुष. विर्तूस म्हणजे पुरुषपणा, बळ,
पुढं कधीतरी सद्गुण,
आणि या भिक्षूच्या हाती येईतो
विर्तूस म्हणजे तिनं चालता केलेला लंगडा,
विर्तूस म्हणजे तेल संपूनही न विझलेला दिवा.
एकाच शब्दात मिशी आणि मलम.
चमत्कार लिहिलं, तर टोपीतून ससा निघाला.
सत्त्व लिहिलं, तर दाराशी अतिथी येऊन
पोटच्या पोराचं मांस मागू लागला.
प्रताप लिहिलं. आमच्या गल्लीत प्रताप पोरांचे असतात,
काच फुटल्यावर.
पौरुष लिहून पाहिलं आणि वही मिटली.

सहा महिने त्या जागी पेन्सिलीची फुली.

भाद्रपदात विश्वामित्री चढली.
सोसायटीच्या गेटाशी आलेली मगर
दोन पोरांनी तोंड बांधून स्कूटरवरून नेली,
आणि ती बघायला धावलेली चौबळांची यमू
चिखलात घसरली. नडगी फुटली, चिघळली.
दोन डॉक्टर झाले. शेवटी मिशनच्या दवाखान्यात रुथबेन.
यमू मला म्हणाली,
"अगं, नवं काही केलं नाही तिनं.
तेच औषध, तीच पट्टी.
पण तिच्या हाताला गुण आहे."

रिक्षा मांडवीपर्यंत आली तरी मी गप्पच.
गुण.
अंगी असतो तोही गुण,
औषधाचा येतो तोही गुण.
पुल्लिंगी आहे, पण ते व्याकरणापुरतं.
आत पुरुष नाही, बाई नाही,
हात आहे.

फादरना सांगितलं. ते चरोतरचे,
म्हणाले, आमच्यात हाताला 'जश' म्हणतात.
मग चष्मा पुसत म्हणाले, पण शाळकरी मुलं विचारतील,
हिला गुण किती मिळाले, शंभरपैकी?
विचारू देत.
एकोणतीस फुल्या मी पुसल्या.
सात राहू दिल्या:
तिथं ती सैतानाशी झोंबते,
आणि तिथं हाताला गुण असून भागत नाही.

शेवटच्या ओळीत लंगडा उठतो.
त्याच्यासाठी एकच शब्द, 'साल्वुस':
शाबूत, बरा, तरलेला.
पट्टी सोडताना रुथबेननं विचारलं होतं,
"सारु छे ने हवे?"
यमू म्हणाली होती, "सारं."
ते गुजरातीतलं चांगलं होतं की मराठीतलं सगळं,
चाळीस वर्षं बडोद्यात काढल्यावर
तिलाही सांगता येणार नाही.
तोच शब्द हवा होता मला.
पण पुण्याचा प्रकाशक विचारेल,
सारं म्हणजे काय सारं?