हरकती व सूचना

सुनावणी अकराची. पंखा साडेअकराला लागला.
भिंतीवर नकाशा, जुन्या पेठांभोवती
लाल रेषा, दावं टाकावं तशी.
माझ्यापुढं रजिस्टर. रकाने दोन:
डावीकडं हरकत, उजवीकडं सूचना.
सव्वीस वर्षं झाली,
याच दोन रकान्यांत मी माणसं बसवत आलोय.

पहिले घोटणे, निवृत्त अभियंता,
टाइप केलेल्या तीन प्रती, आधी पोच पाहिजे म्हणाले.
कमानीच्या सांध्यात सिमेंट भरू नये,
चुन्याची घाणी पुन्हा फिरवावी.
सूचना. लिहिली.

मग इर्शाद बागवान:
"रेषा माझ्या घरातनं गेलीया, साहेब.
चूल वारशात, मोरी भाईर.
पाइप फुटला तर अर्ज कुणाकडं करायचा?"
सभागृह हसलं. तो हसला नाही.
हरकत.

गुजरीतला एकजण उठला,
सगळ्या पाट्या एकाच रंगात म्हणता,
गिऱ्हाईक मला वळखणार कसं?
तेवढ्यात चहा आला, त्याचं उत्तर राहिलं.

तालमीची दोन पोरं दारातच थांबली,
कानामागं माती वाळलेली.
"हौदा तेवढा राहू दे."
साहेबांनी यादी चाळली.
इमारत होती. श्रेणी दोन अ.
खिडक्या, कौलं, दारावरचा दगडी मारुती, सगळं होतं.
हळद-ताक-तेल पिऊन लाल झालेली माती
नव्हती.

सगळ्यात शेवटी सुंद्राक्का गवळी.
खुर्ची दिली, बसल्या नाहीत.
"माझा कट्टा रेषेत हाय न्हवं?"
"आहे, आक्का."
"आन म्हस?"

साहेबांनी चष्मा काढला.

"रोज दिवेलागणीला उभी ऱ्हाती तितं.
माझ्या सासूची हुती, तिच्या सासूची हुती.
फरशीला चार खळगं पडल्यात खुरांचं,
नवी म्हस आणली तरी तिचं पाय
बरूबर त्यातच पडत्यात.
तुमी फरशी राखणार, घासून, दिवं लावून.
गाड्या बंद. म्हंजे वैरणीचा टेंपो बी बंद.
मग म्हस खाणार काय, तुमची पाटी?"

कुणी हसलं नाही.
साहेब माझ्याकडं वळले,
"काय धरायचं हे? हरकत की सूचना?"
माझं पेन दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर
टेकून राहिलं, शाईचा ठिपका वाढत गेला.
"लिव्हू नगोस," आक्का म्हणाल्या,
"सांजच्याला ये. गिलास घीऊन जा."

गेलो. नकाशातली रेषा रस्त्यावर कुठंच दिसेना.
म्हैस आली, अंग झटकलं,
एक पाय खळग्यात, मग दुसरा,
घरात शिरताना चपला काढाव्यात तितक्या सहज.
चरवीत धार वाजली. फेसासकट पेला हातात आला,
ऊन. मी पैसे काढले तर
"उद्या दे," म्हणाल्या, "उद्याबी येतोसच की."

आज अहवाल टाइप करतोय.
हरकती एक्केचाळीस. सूचना सतरा.
शेवटी एक ओळ असते: इतर.
तिथं मी सव्वीस वर्षं लिहितोय, निरंक.
हाताला सवय, आजही तेच लिहिलं.

मग खोडलं.
पेनानं वर लिहिलं: म्हैस, एक.
खाडाखोडीवर सही लागते.
केली.