वारा

आमच्याकडे खाजणाच्या दाराला मानस म्हणतात.
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं.
लाकडाच्या फळ्या, एक राखणारा,
आणि आतल्या अंगाला सगळ्या वाड्याचं भात.

कोजागिरीला राखणारा मी होतो.
कोण जागं आहे, असं लक्ष्मी विचारत फिरते ती रात्र.
मी झोपलो.
ताप नव्हता, दारू नव्हती,
कंदिलात तेल भरलेलं होतं.
जाग आली ती पाण्याच्या आवाजाने नव्हे,
आवाज थांबल्याने.
खाडी आत येऊन निवांत बसली होती
अडतीस घरांच्या शेतात,
चांदणं मांडीवर घेऊन.

कोरगुटीला खार सोसतो म्हणतात.
सोसतो तो थोडा.
तिसऱ्या दिवशी लोंब्या काळवंडल्या.
उसनो नायक मला पाहून वाट सोडून गेला.
कायतानची सात कुणगी गेली होती,
त्याने सकाळी कुंपणावर दोन उंडे ठेवले, कागदात,
आणि हाक न मारता निघून गेला.
मी ते कावळ्यांना घातले.

मग देवळात गेलो, कौल लावायला.
भिवा गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या,
गाऱ्हाणं घातलं : बा महाराजा,
हे तुझं लेकरू, काही चुकलं माकलं असेल तर...
मी म्हटलं, चुकलं माकलं नको. झोपलं म्हण.
भिवा म्हणाला, त्याला ठाऊक आहे.

उजवी पडली तर आज गाव सोडीन,
डावी पडली तर उद्या.
तिसरं काही विचारलंच नव्हतं.
पाकळ्या सुकल्या, कडेने वळल्या,
दुपार झाली,
एकही सुटली नाही.
भिवा जेवायला गेला.

कोपऱ्यात राखणदाराच्या वहाणा होत्या.
गेल्या जत्रेला मीच करवून आणलेल्या
माझ्या बापाच्या मापाने,
देवाचं माप कुणाला विचारणार?
रात्री तो शीव फिरतो, वर्षभरात त्या झिजतात, असं सांगतात.
मी कधी उचलून पाहिल्या नव्हत्या.
डाव्या टाचेला भेग.
तळव्याला चिखल, करडा, बांधावरचा,
चार दिवसांचा सुकलेला.
बोटाने जिभेला लावला. खारट.

भिवाचा नातू घालून गेला असेल, कुणी सांगावं.
मी तपास केला नाही.

म्हणजे तू तिथे होतास.
माझ्या पायांवरून ओलांडून गेला असशील,
मी फळीला टेकून, तोंड उघडं टाकून,
पाणी चढत होतं.
का नाही हलवलंस? मोठ्याने विचारलं मी.
गाभाऱ्यात उदबत्तीची राख पडली, तेवढंच.

बाप मानशीवर होता तेव्हा मी आठ वर्षांचा,
त्याच्यासाठी कंदील धरायचो आणि उभ्याने डुलायचो.
एकदा कंदील हातातून सुटला, पाण्यात गेला.
रॉकेलचा रंगीत तवंग क्षणभर दिसला,
मग काळोख.
त्याने चाचपून फळ्या बसवल्या, बोटं सोलून घेतली,
मला खांद्यावर टाकून घरी आणलं
आणि कंदील कुठे असं आईने विचारल्यावर म्हणाला,
वारा होता गं.
वारा नव्हता.
हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं,
आईलाही असावं. अंगणात केळीचं पान हललं नव्हतं.

वहाणा होत्या तशा ठेवल्या. पुसल्या नाहीत.

संध्याकाळी भरतीच्या वेळेला मानशीवर गेलो.
आत राखण्यासारखं काही उरलं नव्हतं,
तरी फळ्या बसवल्या, एकेक, नीट.
बांध जिथे खचला होता तिथे कायतान
गुडघाभर चिखलात वाकलेला.
त्याने वर पाहिलं नाही.
ढेकूळ थापत म्हणाला,
वारा होता रे त्या रात्री.

मी खाली उतरलो
आणि त्याच्या हातात चिखल देऊ लागलो.