दोन सूत

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जातं:
ही खरी नाही.
खरी इंग्लंडात झाली, बावन्न-त्रेपन्न साली.
ही झाली उद्यमबागेत,
पंपांची केसिंगं ओतणाऱ्या फाउंड्रीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
लुमाण्णा देसूरकरच्या हातून,
आणि लुमाण्णानं खरी कधी पाहिलेली नाही.

मी पाहिली होती. एकदाच, कॅम्पात.
आठ वर्षांचा असेन.
बाटलीहिरवी, लांब नाकाची, बिनटपाची,
कुण्या मेजरची की डॉक्टरची.
इंजिन बंद झाल्यावरही आत काहीतरी
निवणाऱ्या तव्यासारखं टिकटिकत होतं.
मी बॉनेटवर हात ठेवला आणि भाजून घेतला.
एवढंच माझं भांडवल.

लुमाण्णा पॅटर्नमेकर. चाळीस वर्षं
लाकडातून लोखंडाचे आकार काढत बसलेला.
"साचा जरा मोठाच धरायचा," म्हणायचा,
"धातू निवताना आकसतोय.
माणूस पण आकसतोय की."
आधी त्यानं खानापूरच्या फणसाची गाडी केली,
मग तिच्या अंगावर बेतून बेतून
ॲल्युमिनियमचा पत्रा,
वाळूच्या पिशवीवर, लाकडी हातोड्यानं.
चौदा महिने.
समोर भिंतीवर वडगावच्या मंगाईशेजारी
चिकटवलेले तीन फोटो,
एकाच गाडीचे, डाव्या बाजूनं घेतलेले.

तिन्ही फोटोंत डावं दार
मागच्या कडेला दोन सूत खाली.
"इंग्रजानं चुकवलंय बघा. मी सरळ करतो की."
नको, म्हटलं. आहे तसंच पाहिजे.
दोन दिवस तो आलाच नाही.
तिसऱ्या दिवशी आला, कॅलिपर घेऊन बसला,
दुपारचा डबा तसाच राहिला.
दार बसलं तेव्हा चिंधीला हात पुसत म्हणाला,
"चुकवायलाच जास्त वेळ गेला."

आरटीओच्या कागदावर ती अजून काँटेसा आहे,
जिचं इंजिन हिच्या पोटात धावतं.
क्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं, "इदु याव गाडी री?"
कागदावर आहे तीच, म्हटलं मी, मराठीत.
त्यानं शिक्का मारला, कानडीत.
आमच्या गावालाच तीन नावं आहेत,
म्हणून काही कुंद्याची चव बदललेली नाही.

परवा जांबोटीला चहाला थांबलो,
तर समोर ट्रक, ट्रकवर ताडपत्री,
ताडपत्रीखाली खरी.
पुण्याचे गृहस्थ. गोव्यात प्रदर्शन होतं.
"घाटात चालवायची हिंमत होत नाही हो,
एक काच फुटली तर वर्ष जातं."
माझ्या चाकांना चिखल होता.
त्यांनी बोट फिरवलं, वाकून खालून पाहिलं,
दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं,
मग भल्या मनानं, हळूच सांगितलं:
"सगळं सुरेख आहे. फक्त हे दार जरा..."

मी ताडपत्री उचलून बघितली.
त्यांचं डावं दार सरळ होतं.
ओळंबा लावावा इतकं सरळ.

म्हणजे चूक कंपनीची नव्हती.
त्या एका गाडीची होती, फोटोतल्या.
कुणीतरी तिच्या उघड्या दारावर
वर्षानुवर्षं भार टाकून उभं राहत असणार,
निघताना, काही सांगायचं राहिलं म्हणून,
किंवा नुसतंच.
चहा निवला. ट्रक चोर्ल्याकडे गेला.
मी गाडी वळवली.

लुमाण्णाला सांगावं की नाही,
या विचारात पिरनवाडी आली.
सांगितलं.
तो बराच वेळ सुपारी चघळत राहिला.
"मग मी चौदा महिने," म्हणाला,
"कुणाचं वजन ठोकत होतो ते?"
आणि उठून त्यानं दार खालून उचलून पाहिलं,
बिजागरी सैल तर नाही झाली.