शनीवर मिरचीचा भाव

पुस्तक मिळालं परवा निपाणीच्या बाजारात,
कुकरच्या शिट्ट्या विकणाऱ्याच्या पोत्यावर, पुठ्ठा उसवलेला.
'निरीक्षक शिप्पूरकर शनीवर'.
तो दहा म्हणाला, मी वीस दिले.
उभ्या उभ्याच वाचत सुटलो
आणि तिसऱ्या पानावर अडखळलो :
हा तो नव्हेच.

आमचा शिप्पूरकर बुधवारी यायचा, साडेसातला, सांगलीहून.
वजनमापे खात्याचा माणूस, पितळी शिक्के पिशवीत,
सरकारनं धाडलेला थेट शनीच्या कड्यावर,
कारण तिथले व्यापारी काटा मारतात अशी तक्रार होती.
आणि तिथं तर कशालाच वजन नाही!
तो पारड्यात किलोचं माप ठेवायचा, माप निघून जायचं वर;
रेडिओत तेव्हा कुणीतरी
सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडायचं.
पुस्तकात लिहिलंय : 'माप तरंगू लागले.'
लागले!

आई आणि पार्वतव्वा समोरासमोर,
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ.
बोटं आपली आपण विड्या वळत असायची.
चौथ्या भागात शिप्पूरकर एका कारखानदाराला दंड करतो,
हजारामागं शंभर विड्या छाट काढतो म्हणून.
तेवढ्यापुरती आईची बोटं थांबली होती, मला आठवतंय.
पुस्तकात कारखानदार नाही.
त्या जागी एक धूमकेतू आहे. विनोदी.

पण खरी गंमत ठोकळ्याची.
ठोकळ्या म्हणजे साहेबांचा यंत्रमानव, हिशेबनीस.
त्यानं तोंड उघडलं की नेमकी सांगली बुडायची,
धारवाड वर यायचं, आणि ठोकळ्या बोलायचा
स्वच्छ कानडी :
'ब्याडगी मेणसिनकाई, क्विंटालिगे एंटुनूरु.'
शनीच्या कड्यावर मिरचीचा भाव!
पार्वतव्वा हसताना सूप सांडायची,
मग आईला सांगायची ठोकळ्या काय म्हणाला ते,
आणि तिचं सांगणं भावाच्या पुष्कळ पुढं जायचं :
"त्यो म्हणतोय, सायेब, घरला चला,
हितली मिरची बी तरंगतीया, फोडणीत पडंना."
कितीतरी वर्षं मी समजत होतो
यंत्रमानव मुळातच कानडी असतात.

पुस्तकात ठोकळ्या पुण्याचं बोलतो.
प्रस्तावनेत म्हटलंय, नभोनाट्यातील त्रुटी
येथे दूर केल्या आहेत.

तेरावा भाग आम्ही ऐकलाच नाही. सेल संपले,
आणि सेलचे पैसे त्या आठवड्यात छाटीत गेले.
म्हणजे आमचा शिप्पूरकर अजून वरच आहे,
तराजू धरून.
पुस्तकातला, पान एकशे बारा,
पेन्शन घेऊन कऱ्हाडात वांग्यांना पाणी घालतो.

रविवारी गेलो पार्वतव्वाकडं.
डोळ्यांनी अंधुक, कानांनी अजून तिखट.
वाचून दाखवलं. सुपारी कातरत गप्प ऐकत होती,
ठोकळ्या बोलला तिथं अडकित्ता थांबला.
"दर कुठाय?"
नाही म्हणालो पुस्तकात.
"मग आर्धंच छापलंय की रे ह्ये."

मोबाइल काढला. आजचा भाव शोधला, ब्याडगीचा,
आणि वाचला ठोकळ्याच्या आवाजात,
माझ्या मोडक्या कानडीत.
चुकलो असणार, कारण ती हसली नाही,
आकडा तेवढा दुरुस्त केला,
आणि म्हणाली, "मुंद?"
म्हणजे, पुढं.