शेरा

लॉ कॉलेज रस्त्यामागच्या या खोलीत
एकवीस वर्षांचे महोत्सव खोक्यांत बसलेत.
मला दिलेलं काम सोपं आहे :
वर्ष, विभाग, देश, मिनिटं, पडदा, वेळ.
जागतिक स्पर्धा. सिंहावलोकन. आजचा मराठी सिनेमा.
श्रद्धांजलीची पानं दरवर्षी वाढत गेलेली,
बाकीची कागदाच्या भावाप्रमाणे कमीजास्त.

देशाच्या रकान्यात यादी उघडते, तिच्यातूनच निवडायचं.
'सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो' तिच्यात नाही.
तीनेक वर्षं होता तो देश,
आमच्या पुस्तिकेत दोनदा येऊन गेला,
मग दोघं वेगळे झाले.
साहेबांना विचारलं. म्हणाले, कुठलाही एक टाका.
मी चहा पिऊन आले.
टाकला नाही.

तिथलाच तो सिनेमा.
मंगळवार, पडदा तीन, दुपारी साडेचार, चौऱ्याण्णव मिनिटं.
फोटोत एक बाई अंगणात चादर झटकतेय
आणि छपाईत निळा सरकल्यामुळे
तिच्याशेजारी तिचीच एक पुसट बाई.

मी तेव्हा एकोणीसची. गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला.
जानेवारी. कानटोप्या, पिशवीतून डोकावणारे थर्मास,
रांगेत कुणी घुसलं तर
नियमावलीचं कलम सांगणारे एक आजोबा.
पेटी वेळेवर आली होती, रिळंही शाबूत.
मुजावर यंत्राच्या खिडकीतून ओरडले,
'खाली अक्षरं नाहीत! लावू का तसाच?'
अर्धं थिएटर उठलं, पासाचे पैसे मोजत.

तेव्हा चौथ्या रांगेत ढमढेरेबाई उभ्या राहिल्या.
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं
रशियन यंत्रांच्या पुस्तिका मराठीत उतरवलेल्या.
म्हणाल्या, 'रशियन मी रानड्यात शिकले.
ही तिची मावसबहीण असावी. निम्मं लागेल.
बसणार असाल तर सांगते.'

पडद्याकडे तोंड, अर्ध्या लोकांकडे पाठ,
हातात घडी केलेला स्वेटर.
'तो विचारतोय, पाव कुठंय.'
'ती म्हणते, तुझ्या भावाने नेला.'
स्टेशनावर ती दोघं नुसतीच उभी राहिली तेव्हा
बाई जरा थांबून म्हणाल्या,
'जोडणी सैल झाली आहे.'
कुणी हसलं नाही.
पुढे एका लांबलचक भांडणात त्यांना काहीच लागेना.
'इथे आईबद्दल काहीतरी आहे,' म्हणाल्या,
आणि मग बराच वेळ
त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

खोक्याच्या तळाशी आज कौलाच्या चिठ्ठ्या निघाल्या,
रबरबँड वितळून कागदाला चिकटलेला.
मंगळवार, पडदा तीन : बावीस चिठ्ठ्या, बावीस 'उत्तम'.
एकीवर पेन्सिलीने :
आवाज थोडा मोठा हवा होता.

दिग्दर्शकाला रकाना आहे.
छायालेखक, संकलक, ध्वनी, सगळ्यांना आहे.
चौऱ्याण्णव मिनिटं उभं राहिलेल्याला नाही.
शेवटी उरतो 'शेरा'. साठ अक्षरं घेतो,
एकसष्टाव्याला लाल होतो.
मी सगळं लिहिलं. लाल.
खडकी काढली. लाल.
बावीस चिठ्ठ्या काढल्या, मुजावर काढले,
त्यांचं नाव काढणार होते, तेवढ्यात
हात थांबला, कारण मला कळलं
की ढमढेरेंचं पहिलं नाव
मी कधी विचारलंच नव्हतं.

मग एवढंच ठेवलं :
इथे आईबद्दल काहीतरी आहे. — ढमढेरे

नोंद जतन होत नाही.
देश निवडा, म्हणतं यंत्र,
पडद्याच्या तळाशी, ठळक.

आली बघा, मुजावर,
खाली अक्षरं.