आठ

हंगाम सरला की मिरचीच्या पथाऱ्या ओस पडतात.
जमीन मात्र लालच राहते,
आणि पहाटे सहाला तिच्यावरून गाडी नेली
की चाकामागून ठसका उठतो.
मी गाडी शिकले ती अशी, शिंकत,
नाकाला ओढणी बांधून,
आधारमामाच्या सीडी हंड्रेडवर.

फेब्रुवारीत नऊ गावांची टपालथैली माझ्या नावावर झाली होती.
सायकलवर सहा गावं व्हायची.
उरलेल्या तिघांची पत्रं
माझ्या घरी मुक्कामाला.
मामा व्यापाऱ्याच्या गोदामात वजनकाट्यावर.
म्हणाला, ये मंगळवारपासून.

चार दिवस तर नुसती ढकलायला लावली.
"तिले तुन्हं वजन कयू दे, तुले तिन्हं."
मग किक. पोटरीवर जांभूळ उमटलं.
मग क्लच.
"हयू सोड. हातमा दहीनं मडकं शे असं समज."
मडकी किती फुटली, मोजली नाहीत.
"चाक नको दखू, वाट दख."
वाट कुठं होती तिथं?
कुंपणापर्यंत नुसतं लाल, सपाट,
आणि एक कुत्रा, जो रोज नेमका मधेच झोपायचा.

मग मामाने चुन्याची फक्की आणली
आणि वाकून, मन लावून,
जमिनीवर आठ काढला.
चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचा आठ, सुबक:
वरून घसरत यायचं,
खाली वळायचं, की सुटलो.
पंधरा दिवसांत तो मी डोळे मिटून मारायला लागले.

आरटीओच्या खिडकीत कारकून म्हणाला, आधार आणलंय?
'तो काय, गेटबाहेर उभा आहे' ओठांवर आलं होतं.
गेटच्या आत मामा काही आला नाही.
लिंबाखाली थांबला, तोंड रस्त्याकडे करून.

"आठ मारा," साहेब म्हणाले.
मी मारला. घसरत आले, वळले, सुटले,
ऐटीत ब्रेक लावला.
साहेब वाट बघत राहिले.
"बाई, उरलेला कुठाय?"
रांगेतली कॉलेजची पोरं हसली ती अजून ऐकू येतात.
त्यांचा आठ इंग्रजी होता.

संध्याकाळी मी पावतीमागे काढून दाखवला.
मामाने चष्मा लावून पाहिला.
"हाई तं गाठ शे."
चपलेने जुना चुना पुसला, नवा आठ आखला,
आणि कधी नव्हे तो आधी स्वतः बसला.
दुसऱ्या वळणावर त्याचा पाय टेकला.
पुन्हा गेला. पुन्हा टेकला.
तीस वर्षांची गाडी, आणि पाय टेकला.
मी कुत्र्याकडे बघत राहिले.

गाठीतून जाताना चाक बघितलं की पडायचं ठरलेलं.
पलीकडच्या पोटाकडे बघायचं,
जिथं अजून पोचायचंय तिथं.
हे मला कुणी सांगितलं नाही.
म्हणजे सांगितलं होतं, चौथ्या दिवशी,
मला ते तेव्हा वाट वाटलं होतं.

आठवडाभराने पास.
साहेबांनी मान वर न करता सही केली.

परतताना मामा मागे,
दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर, पाहुण्यासारखे.
धुळे चौफुली जवळ आली तसा खांद्यावर टकटक:
जिनिंगमागच्या बोळातून घे.
रोज याच बोळातून यायचा तो,
मला वाटायचं, सावलीसाठी.
पुढे शिट्टी तोंडात धरून हवालदार उभा होता.
"मामा, तुझ्याकडे लायसन...?"
मागून काही नाही.
मग बऱ्याच वेळाने, "आते करसूत. पुढला महिनामा."
"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "बस नीट."

हवालदाराने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
माझ्या मानेवर मात्र
एक लांब, गरम श्वास सुटला.

"हाई भज्यासनी गाडी कवय लागनी आठे?"
आठ वर्षं झाली असतील, मामा.
"थांबाड."
मी थांबवली. पाय टेकला.
आता टेकला तरी चालतो.