बाविसावं नख

पिल्लं तीन दिवसांची. शेगडीजवळच्या खोक्यात
जुन्या लोकरी स्वेटरवर चार मुटकुळी,
डोळे अजून मिटलेले.
स्टाइनवोर एकेक उचलते, मागचा पाय उलटा करते,
मोजते, आणि श्वास आत ओढत ‘हो’ म्हणते.
आइसलँडच्या या खोऱ्यात होकार असाच, उलटा.
मेंढ्यांच्या विणीला हात द्यायला आलेला मी
माझ्या भाषेत मोजतो:
पुढे पाच नि पाच, मागे सहा नि सहा.
बावीस.
आमच्याकडे विसनखी कुत्रं बघायलासुद्धा
लोक वाट वाकडी करतात.

ऑडन म्हणतो, मागची काढून टाका.
ती जमिनीला टेकत नाहीत, झिजत नाहीत,
गोल वळून मांसात शिरतात.
फ्लोकाचं आठवतं ना, शरदात तारेत अडकलं,
अर्धं उपटलं, तशीच ती कळप घेऊन उतरली,
मागे बर्फावर लाल टिपक्यांची रेघ.
‘जे बाहेर राहतं तेच अडकतं.’

हे बोलताना त्याचा डावा हात खिशात.
मासळीच्या कारखान्यातल्या पट्ट्यानं
अंगठीसकट बोट नेलं, त्याला सात वर्षं झाली.
या घरात त्यावर कोणी बोलत नाही.
आईनं फक्त हातमोजा विणताना
तिथले टाके कमी केले.

‘खडीच्या उतारावर कुत्रं त्याच नखांनी धरून राहतं,’
स्टाइनवोर म्हणते.
‘तू पाहिलंस?’
‘मी कशी पाहणार? मी खाली असते, कुत्रं वर.’

डॉक्टरीण ह्योर्दिस बूट दाराशी काढून
मोज्यांवरच आत येते.
कात्री उकळतेय, बटाट्यांच्याच पातेल्यात.
नख चिमटीत धरून ती हलवून बघते,
कुलपात किल्ली फिरवावी तशी.
‘पुढच्यांना मी हात लावणार नाही, वळताना ती लागतात.
मागचं हे घट्ट आहे. हेही. हेही.
हे एक मात्र नुसतं कातडीवर.
आज कापलं तर एक टाका. मोठेपणी भूल द्यावी लागेल.
नाही कापलं, तर नखं छाटत राहा जन्मभर.’
काय करावं, ते ती सांगत नाही.

मराठीत गळ्याला नख लावतात.
नख काढायचं म्हटल्यावर
मला नेमकं तेच का आठवावं?

फ्लोका उठली, ह्योर्दिसच्या बाहीवर पंजा ठेवला.
विनवणी वगैरे काही नव्हती.
तिला पिल्लू परत हवं होतं, दूध पाजायचं राहिलं होतं.

सगळ्या पिल्लांत मिळून ते एकच कापलं.
पिल्लू एकदा किंचाळलं, मग आचळाला लागलं.
ऑडन तेवढ्यात बाहेर गेलेला.
ट्रॅक्टरवर बसला होता,
ट्रॅक्टर बंद.

तीन पिल्लं गेली, हे त्यानं विकलं नाही.
आता महिन्यातून एकदा, स्वतःच्याच नेलकटरनं,
तो तिला मांडीवर उताणी घेतो,
शेपटी त्याच्या गुडघ्यावर आपटत राहते.
एकविसावर थांबतो.
मोकळ्या जागी अंगठा फिरवतो,
तिथे केस उलटे उगवलेत,
आणि श्वास आत ओढत म्हणतो,
हो.